शिडीचा तिसरा फेरा

वय झालं की माणूस मवाळ होतो म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे. मी ऐंशीच्या घरात आले, गुडघे गेले, दात गेले, पण हेडसरांची आठवण निघाली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. ते जाऊनही कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आमची आई म्हणायची. मी म्हणते, ते असताना मला बोलू दिलं असतं तर आज बोलायची वेळ आली नसती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते माझ्याकडे बघूनच म्हटलंय, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. म्हणू दे.

आता डीएनएची शिडी शेंबडं पोरही काढून दाखवतं. परवा शेजारच्या मुलीने वहीत काढलेली मला आणून दाखवली. शिडी छान होती, रंग छान होते आणि पीळ उलटा होता. मी तिला तिथल्या तिथे खोडायला लावली. तिची आई म्हणाली, "असू दे हो आजी, एवढं काय त्यात!" एवढं काय त्यात, ते सांगायलाच मी बसले आहे.

ही शिडी मला कॉलेजात भेटली. पन्नास सालानंतरची वर्षं. मुंबईत मावशीकडे राहून मी बी.एस्सी. करत होते. आम्हाला शिकवायला लंडनहून शिकून आलेल्या एक मॅडम होत्या. बुटक्या, सावळ्या, पांढरी साडी, आणि बोलणं असं की एक शब्द जास्तीचा नाही. आईबापांचं नाक, रंग, उंची पोरांत कशी उतरते त्याचा मजकूर या शिडीच्या पायऱ्यांवर लिहिलेला असतो, हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा पुस्तकांत ते अजून आलेलं नव्हतं. त्रेपन्न साली दोघा पुरुषांनी ही शिडी मांडली आणि जगाला दाखवली. पण शिडीला पीळ आहे हे ज्या फोटोत दिसलं, तो क्ष-किरणांचा फोटो एका बाईच्या कामातून निघालेला होता. मॅडम लंडनला असताना त्या बाईला भेटल्या होत्या. तो फोटो त्यांनी बघितला होता. काळ्या ठिपक्यांची फुली, बस्स, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना फळ्यावर फुली काढायच्या.

मॅडमचा एक नियम होता. उजव्या हाताची मूठ सैल धरायची, अंगठा आभाळाकडे. बोटं ज्या बाजूने वळतात त्याच बाजूने वळत वळत शिडी वर चढली पाहिजे. डाव्या हाताने केलीत तर ती आरशातली शिडी, खरी नव्हे. परीक्षेत कुणी उलटी काढली की मॅडम पुढचं उत्तर वाचतच नसत. सरळ शून्य. एका हुशार मुलाने एकदा वाद घातला की बाई, बाकी सगळं बरोबर आहे. मॅडम म्हणाल्या, मेलेल्या माणसाचंही बाकी सगळं बरोबरच असतं.

माझ्या शेवटच्या वर्षी मॅडम एक दिवस वर्गावर आल्या त्या डोळे सुजवून. लंडनची ती बाई कर्करोगाने गेली होती. सदतीस वर्षांची. त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. फळ्यावर ती फुली काढली आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

पुढे बासष्ट साली मी मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका गावात हायस्कुलात लागले. विज्ञानाचे मूळ सर आजारी रजेवर होते, त्यांच्या जागी. मे महिन्यात ते परत येणार, मी घरी जाणार. आणि घरी काय वाढून ठेवलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. वडिलांनी तळा गावचं एक स्थळ हेरलं होतं. बिजवर, किराणा मालाचं दुकान, पहिल्या बायकोची दोन मुलं. वडील वाईट नव्हते. नोकरी आहे तोवर थांबतो, म्हणाले. म्हणजे माझं सगळं आयुष्य एका परक्या माणसाच्या तब्येतीवर टांगलेलं. ते सर बरे व्हावेत असं वाटायचं, आणि होऊ नयेत असंही.

हेडसर उंच, गोरे, कपाळावर भस्माचे पट्टे. आवाज देवळातल्या घंटेचा. दर शिवरात्रीला हरिहरेश्वरला जायचे, ओहोटी साधून खडकांवरून डोंगराला प्रदक्षिणा घालायचे, आणि मग महिनाभर त्या प्रदक्षिणेचं वर्णन आम्ही ऐकायचं. त्यांचा सख्खा भाचा आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचा. आम्ही त्याला भाचेसर म्हणायचो. तोही मामासारखाच उंच. विज्ञानाचा आणि त्याचा संबंध म्हणाल तर तो प्रयोगशाळेत बसून डबा खायचा.

दिवाळीच्या सुमाराचे दिवस होते. चीनची लढाई सुरू झाली होती, पेपर सगळा तिनेच भरलेला. गावात पेपर एसटीने यायचा, तोही शिळा. कोपऱ्यात इवलीशी बातमी होती: त्या शिडीसाठी तिघा पुरुषांना, ते दोघे आणि त्या बाईच्याच संस्थेतला आणखी एक, जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. ती बाई मेलेली होती, मेलेल्याला बक्षीस देत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण नुसतं नाव घ्यायला काय जात होतं? मला असा संताप आला की मी तो पेपर घडी घालून पिशवीत टाकला, आणि ठरवलं की या गावात का होईना, ती शिडी उभी करायची.

मुंबईत असते तर तारा आणि लाकडी गोळे आणले असते. इथे जे मिळालं ते घेतलं. जाड फळीत माणसाच्या उंचीचा लोखंडी गज उभा ठोकला. बांबूच्या कामट्यांना मधोमध भोकं पाडून त्या गजात एकावर एक ओवल्या. दोन कामट्यांमध्ये बांबूचं पोकळ कांडं, म्हणजे अंतर राहतं. या झाल्या पायऱ्या. त्यांची दोन्हीकडची टोकं खालपासून वरपर्यंत सुंभाने एकमेकींशी बांधली. प्रत्येक पायरीच्या एका अंगाला एक वस्तू आणि दुसऱ्या अंगाला तिचा जोडीदार: सुपारीसमोर नेहमी करवंटीचा तुकडा, शिंपल्यासमोर नेहमी उंडीचं फळ. यांची सोयरीक ठरलेली, सुपारी शिंपल्याशी लागत नाही, असं मी पोरींना सांगायची. दहावीच्या दोघी-तिघी पोरी शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर बसायच्या. वडिलांच्या वाडीतल्या सुपाऱ्या मीच आणल्या होत्या.

शेवटचं काम पिळाचं. खालची पायरी फळीला पक्की. वरच्या पायरीची दोन टोकं दोघींनी हात वर करून धरायची आणि गजाभोवती फिरायचं. वरची फिरते तशा खालच्या सगळ्या मागोमाग वळत येतात. एक फेरा पुरा झाला की वर खिळा घालायचा, पीळ राहतो. फिरताना डावा खांदा गजाकडे ठेवायचा, म्हणजे शिडी उजव्या हाताची होते. पोरी चवड्यांवर उभ्या राहून फिरल्या. मी अंगठा वर करून तपासलं. बरोबर होती. मला मॅडमची आठवण येऊन रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

शिपाई आत डोकावला आणि म्हणाला, "बाय, होडीची शिडी हाय का?" त्याला सगळं समजावून सांगितलं तर तो निदान ऐकत तरी होता. हेडसर आले, त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले की शिमग्याला अजून अवकाश आहे, आत्तापासून सोंगं कशाला? भाचेसर हसले. मामा हसला की भाच्याने हसायचं, हा त्यांचा घरचा रिवाज असावा.

मग जिल्ह्याचं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं, पत्रक आलं. अलिबागला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. ज्या शिक्षकाची वस्तू पहिली येईल त्याला वर्षभर मुंबईत शिकायला पाठवणार, आणि परत आल्यावर जिल्ह्यात कायमची नेमणूक. हेडसरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. परीक्षक म्हणून मुंबईच्या कॉलेजातल्या एक बाई येणार होत्या, त्यांचंही नाव वाचलं. त्या माझ्या मॅडम होत्या. मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले, आणि एका चुकलेल्या उत्तरालाही बरोबरची खूण करून बसले. तळ्याचं किराणा दुकान एकाएकी लांब कुठेतरी गेलं.

माझा आनंद दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकला नाही. हेडसरांनी मला बोलावलं. शिडी शाळेची आहे, म्हणाले. शाळेच्या सुंभाने बांधलेली. (सुंभ माझा होता. गज शाळेचा, तोही गंजका.) प्रदर्शनात ती भाचेसर मांडतील. बायकामाणसाने परक्या गावी पाहुण्यांपुढे उभं राहणं बरं दिसत नाही, आणि तसंही तुम्ही मेपर्यंतच आहात, ती मुंबईची जागा तुमच्या काय उपयोगाची? तोवर भाचेसरांना सगळं नीट समजावून द्या. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ खणणाऱ्या उंदरालाच नागोबाची शिकवणी घ्यायला लावतात, हे नवीन होतं. मी म्हटलं, सर, ही मी केली आहे. ते म्हणाले, मी कुठे नाही म्हणतो? आणि पुढची फाईल उघडली.

खोलीवर येऊन मी उंबऱ्यावर बसले ती दिवेलागणीपर्यंत. रडले नाही. रडायला दुःख लागतं, मला नुसता राग आला होता.

पुढच्या आठवड्यात ती गंमत झाली. भाचेसरांना दाखवायला मी पीळ सोडला आणि पोरींना पुन्हा फिरायला लावलं. हेडसर दारात उभे. पोरी डावा खांदा गजाकडे ठेवून फिरत होत्या, आणि हेडसरांचा चेहरा बदलला. "थांबा," ते म्हणाले. "असं कुठे फिरतात? देव उजव्या हाताला ठेवून फिरतात. हे डावीकडून फिरणं स्मशानातलं. जीवनाची शिडी म्हणता आणि प्रेताभोवती फिरल्यासारखी फिरवता?"

मी सांगितलं. एकदा, स्पष्ट, भाचेसर आणि शिपाई यांच्यासमोर. म्हटलं, "सर, ती अशीच असते. दुसऱ्या बाजूला फिरवली तर चूक होईल."

"तुमच्या पुस्तकात छापणाऱ्याने चित्र उलटं छापलं असेल," हेडसर म्हणाले. "फिरवा पोरींनो, उजवीकडून."

दुसऱ्यांदा सांगायला मी तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. आणि तेवढ्यात मला फळ्याशी उभ्या मॅडम दिसल्या, अंगठा वर केलेल्या, आणि पेपरावर लाल शाईचं शून्य. मी तोंड मिटलं. पोरी गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, हेडसर सांगतात ना, मग फिरवा. त्या फिरल्या. शिडी सरळ झाली आणि मग उलट्या बाजूला वळली. दिसायला तितकीच देखणी. खिळा मी स्वतः ठोकला, चांगला घट्ट.

त्यानंतर मी भाचेसरांना असं शिकवलं की विचारू नका. पायऱ्यांच्या सोयरिकी, मजकूर कसा उतरतो, शिडी उकलून एकीच्या दोन कशा होतात, सगळं घोकून घेतलं. चहा करून दिला. हेडसर म्हणाले, बाई समजूतदार आहेत. पिळाबद्दल भाच्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी मी एकदा ओतून बघितलं होतं, रोज ओतायला मी काय बांधील होते?

शिडी एसटीच्या टपावरून अलिबागला गेली. मी पोरींची देखरेख म्हणून मागोमाग. शाळेच्या पटांगणात मांडव, लाउडस्पीकर, गावोगावचे मास्तर, सभापती, त्यांची मंडळी. शिडीपुढे पाटी होती, तिच्यावर भाचेसरांचं नाव ठळक अक्षरात. मी तिसऱ्या रांगेत उभी राहिले. मॅडम आता थकल्या असतील, नजर अधू झाली असेल, सगळ्यांसमोर बोलायला संकोचतील, असं काय काय मनात येत होतं. त्या नुसतं "छान" म्हणून पुढे गेल्या तर भाचा मुंबईला आणि मी तळ्याला.

मॅडम आल्या. तशाच, पांढऱ्या साडीत. भाचेसरांनी घोकलेलं सगळं न अडखळता म्हटलं. सुपारी-करवंटीच्या सोयरिकीला मॅडम हसल्यासुद्धा. मग त्या शिडीच्या जवळ गेल्या, खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, आणि विचारलं, "ही कुठल्या हाताची?"

भाचेसरांनी मामाकडे बघितलं. मामा पुढे झाला. मामाचा तो आवाज मांडवाच्या टोकापर्यंत पोचत होता. म्हणाले, यात एक गंमत आहे. पुस्तकातलं चित्रच उलटं छापलेलं होतं. ते आम्ही आमच्या परंपरेच्या जाणिवेने दुरुस्त केलं. जीवनाची शिडी आहे, ती प्रदक्षिणेच्याच दिशेने चढणार. सभापतींनी मान डोलावली.

"दुरुस्त केलं म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "आधी कशी होती?"

"आधी उलटी होती," हेडसर म्हणाले. आणि त्यांनी हात लांब करून, सगळ्या जिल्ह्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या या बाईंनी केली होती तशी. त्यांना अनुभव कमी. मी समजावून फिरवून घेतली."

हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं, सांगा? माझं जे श्रेय पाटीवर लिहायला त्यांची लेखणी झिजत होती, ते त्यांनी आपल्या तोंडाने, दोष म्हणून का होईना, मांडवभर ओरडून सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं, पण चेहऱ्यावर काही नाही.

"म्हणजे शिडी यांनी केली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही फिरवलीत."

"हो," हेडसर म्हणाले, छाती काढून.

मॅडमनी उजवा हात वर केला. अंगठा आभाळाकडे. शांतपणे सगळ्यांना समजावलं, सभापतींनाही हात वर करायला लावला. मांडवातले निम्मे मास्तर अंगठे वर करून शिडीकडे बघायला लागले. मग त्या म्हणाल्या की ही डाव्या हाताची आहे, ही चूक आहे. बाईंनी केली होती तीच बरोबर. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "होती तशी करून दाखवा."

मी पुढे झाले. पदर खोचला. आयुष्यात इतका गोड आवाज माझ्या घशातून पुन्हा कधी निघाला नाही. म्हटलं, "मॅडम, वरची पायरी धरायला दोघं उंच लागतात. हेडसर आणि भाचेसर धरतील."

नाही म्हणायची सोय कुठे होती? सभापती बघत होते. हेडसरांनी एक टोक धरलं, भाच्याने दुसरं. मी खिळा उपटला. हेडसर सवयीने उजवा खांदा आत घालून निघाले. मी म्हटलं, "सर, डावा." ते थांबले. भस्माच्या पट्ट्यांवर घाम आला होता. मग फिरले. अख्ख्या कुलाबा जिल्ह्यासमोर, हात वर, डावा खांदा आत, पावलं ओढत. खांद्यावर मडकं तेवढं नव्हतं. मागे कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला दटावलं. मला दया आली का? नाही. मी अंगठा वर धरून उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की तसं पुढे फार कशाने वाटलं नाही.

पहिल्या फेऱ्यात उलटा पीळ सुटून शिडी सरळ झाली. दुसऱ्यात ती बरोबर वळली. हेडसर थांबले. मी म्हटलं, "अजून एक, सर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की आता गरज नाही. हेडसरांनी तिसरा फेराही घातला. मग मी खिळा ठोकला.

शिडी पहिली आली आणि ती जागा मला मिळाली. जूनमध्ये मी मुंबईला गेले, तळ्याच्या दुकानदाराला कुणी दुसरी मिळाली, सुखी असेल. अलिबागच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी हेडसर माझ्याजवळ आले होते. म्हणाले, "बाई, तुम्हाला माहीत होतं. मग पुन्हा एकदा का नाही सांगितलंत?" मी विचारलं, "पहिल्यांदा सांगितलं ते तुम्ही ऐकलंत का?" गाडी आली, मी पोरींना घेऊन चढले.

तो तिसरा फेरा निव्वळ माझ्या रागाचा, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. पुढे लंडनच्या त्या बाईची हकीकत हळूहळू छापून यायला लागली. तिचा तो फोटो तिच्याच संस्थेतल्या माणसाने तिला न विचारता, तिच्या माघारी त्या दोघांतल्या एकाला दाखवला होता. बघणाऱ्याला शिडी तिथेच दिसली. तिला कुणी सांगितलं नाही, आणि आपल्या फोटोने काय केलं हे पुरतं न कळताच ती गेली. वाचता वाचता मी चष्मा काढून ठेवला. तिच्यासाठी कुणालाच मांडवात हात वर करून फिरावं लागलं नव्हतं. कुणाचा खांदा डावीकडे वळला नाही, कुणाला घाम फुटला नाही.

मग मी ठरवून टाकलं की तो तिसरा फेरा तिच्या नावाचा. त्याने शिडीला जरा जास्तच पीळ बसला होता. मी तो सोडवला नाही.